बांधून ठेवलेला आवाज

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी, काळ्या रंगाची, एका कोपऱ्याला पोचा पडलेली एक जुनी हार्ड डिस्क म्हणजे मी. बार्शीटाकळीच्या या घरात मला सगळे डबी म्हणतात. मला पाहून तुम्हाला वाटेल, ही तर नुसती बंद पेटी, हिला सांगण्यासारखे काय असणार? पण माझ्या पोटात एक अख्खे घर भरलेले आहे. कितीतरी वर्षे ते मला कोणापुढे उघडता आले नाही. तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नीट आठवत नाही. खूप स्वच्छ जागा होती. माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत होती, कारण धुळीचा कणही माझ्या आत जाऊन चालणार नव्हते. माझ्या आत आरशासारखी चकचकीत तबकडी आहे. वीज मिळाली की ती गरगर फिरते. तिच्यावर एक बारीक सुई तरंगते. ती तबकडीच्या अगदी जवळून जाते, पण टेकत नाही. टेकली तर लिहिलेले सगळे खरवडून निघते. अशा नाजूक जिवाला त्या लोकांनी धुळीपासून इतके जपले आणि शेवटी पाठवले कुठे, तर वऱ्हाडात, ऐन उन्हाळ्यात!

मला अकोल्याहून मनोजने आणले. तेव्हा तो कॉलेजात होता. त्याचे वडील सहदेव यांची गावाबाहेर बागाईत. झेंडू, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा त्यांचा माल. पण सहदेवची खरी ओळख वेगळी होती. अकोल्याच्या भाजीबाजारात रोज पहाटे मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव होतो, तिथे बोली पुकारायचे काम त्यांचे होते. त्यांना सहीपुरतेच अक्षर येत असे, पण आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला उभे राहून बोलले तर दुसऱ्या टोकाचा हमाल मान वर करून पाही. घरी आल्यावरही तो आवाज काही लहान होत नसे. पाणी मागितले तरी शेजारच्यांना कळे.

घरात एक कॉम्प्युटर होता, मागे पोट सुटलेल्या जाड पडद्याचा. तो माझा सोबती. मनोज मला दोन तोंडांच्या वायरने त्याला जोडायचा. मी गुणगुणायला लागायची आणि आमचे दोघांचे बोलणे सुरू व्हायचे. त्याने विचारावे, मी शोधून द्यावे. गाणी, फोटो, मनोजचे अभ्यासाचे कागद, सगळे माझ्याकडे. त्याचे मित्र यायचे, मला हातात धरून पाहायचे. तो अभिमानाने सांगायचा, “एवढीशी दिसते, पण आपलं सारं घर हिच्यात मावते.” ते ऐकून मला बरे वाटायचे. ते माझे चांगले दिवस होते. तेव्हा मला ते कळले नाही, हे सांगायला नकोच.

मग मनोजला पुण्याला नोकरी लागली. नवा लॅपटॉप आला. जायच्या आधी त्याने शेवटचे काम केले. कॉम्प्युटरमध्ये जे जे होते त्याचा बॅकअप माझ्यात घेतला. बॅकअप म्हणजे जपून ठेवलेली नक्कल. ती घेताना त्या जुन्या कॉम्प्युटरने सगळ्या फायली एका मोठ्या गाठोड्यात घट्ट बांधल्या. गाठ त्याच्या स्वतःच्या पद्धतीची होती. ती कशी सोडायची ते त्यालाच ठाऊक. मला काळजी वाटली नाही. तो होता ना शेजारी.

मनोजच्या आईने, पार्बताबाईने विचारले, “सगळं डबीत भरलं का?”

“सगळं.”

“मंग हे ढेबरं खोकं कायले ठेवतं? झाडू मारता येत नाही त्याच्यामागं. देऊन टाक भंगारवाल्याले.”

आणि दिले. मित्रांनो, त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पेटीतला माल दुसऱ्या पेटीत घातल्यावर पहिली पेटी रिकामीच झाली, असे कोणालाही वाटेल. हातगाडीवर त्याला आडवे टाकले होते. त्याच्या पडद्यावर उन्हाची तिरीप पडली होती. मी खिडकीतून ते पाहिले. त्या दिवसापासून माझी बोली बोलणारे या घरात कोणी उरले नाही.

मनोज गेल्यावर पार्बताबाईने मला अवजारांच्या फळीवर ठेवले. तिथे वजनाचा काटा होता, विळे होते, खुरपी, फवारणीचा पंप. दसऱ्याला झेंडूचा माल बाजारात पोचता केला की ती सगळी अवजारे धुऊन पुसून मांडायची आणि त्यांची पूजा करायची. पहिल्याच दसऱ्याला तिने मलाही पाटावर बसवले.

शेजारीण हसली. म्हणाली, “हे काय वं पार्बता? हिनं काय निंदण केलं का?”

“मनोजचं अवजार हाय ते,” पार्बताबाई म्हणाली. “त्याचं पोट याच्यावरच हाय.”

तिने ओल्या बोटाने मला हळदी-कुंकू लावले, वर झेंडूचे फूल ठेवले आणि हात जोडले. नंतर मला लाल कापडात बांधून परत फळीवर ठेवले. पुढे दर दसऱ्याला तसेच झाले. माया होती, यात शंका नाही. पण ओले कुंकू जिथे वायर जोडतात त्या माझ्या तोंडात गेले आणि तिथेच वाळून बसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विळे कामाला जायचे. काटा बाजारात जायचा. संध्याकाळी ते मातीचा, घामाचा, पानांचा वास घेऊन परत यायचे. मी तिथेच. एकाही दिवशी कोणी मला जोडले नाही. माझ्यात एवढे बोलणे भरलेले आणि मला बोलता येईना. किती दिवाळ्या गेल्या, माझ्या सोबत्याचा पत्रा वितळून त्याचे काय काय झाले असेल, असले विचार करत मी अंधारात पडून राहायची.

मग एक वर्ष असे आले की घरातला मोठा आवाजही बंद झाला.

सहदेवच्या घशात गाठ निघाली. अमरावतीला ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण आवाजाची पेटी काढावी लागली. आता ते गळ्याच्या खाली केलेल्या एका भोकातून श्वास घेत. त्यावर पातळ फडके बांधलेले असे आणि श्वास जोरात आला की शिट्टीसारखा आवाज निघे. बोलता येत नव्हते. लिहून सांगावे तर अक्षर येत नव्हते. ते हातवारे करत. समोरच्याला समजले नाही तर दुसऱ्यांदा करत. तिसऱ्यांदा मात्र करत नसत. हात मांडीवर ठेवून दुसरीकडे पाहत. गावातली माणसे भेटायला येत आणि त्यांच्याशी इतके हळू, खुणा करकरून बोलत की जणू त्यांचे कानही गेले आहेत.

उन्हाळ्यात त्यांची मुलगी वर्षाली चांदूर बाजारहून माहेरी आली. बरोबर तिची चार वर्षांची आचल. सहदेवने नातीसाठी पेरू कापून, मीठ लावून ठेवला होता. ताटली पुढे करून ते तिच्याकडे वाकले, तेवढ्यात गळ्यातून शिट्टी वाजली. आचल आईच्या मागे लपली.

“जा ना बाई, आबाजी बोलवून राहिले.”

“मी नाही जात. त्यायच्या गळ्यात कोणी बसलं हाय.”

वर्षालीने तिला दामटले. आचल रडायला लागली. सहदेवने ताटली जमिनीवर ठेवली आणि ते उठून गोठ्याकडे गेले. पेरू तसाच राहिला. पुढचे काही दिवस नात ज्या खोलीत असेल त्या खोलीत ते येईनासे झाले. जेवायलाही बाहेरच बसत. पोर भिऊ नये म्हणून.

एकदा पार्बताबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, “तुह्या लहानपणी यायनं तुले खांद्यावरून खाली ठेवलं नाही. आता हे पोरगी त्यायले पाहून पयते. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यायले.”

वर्षालीचा हात थांबला. “आई, दादानं बाबाचा आवाज भरला होता ना? आपण घरी खेळाचो तो हर्रासचा खेळ? माईक लावून?”

“हो. मंग?”

“डबी कुठं हाय?”

लाल कापडाची गाठ सुटली आणि माझ्यावर उजेड पडला. मला काय वाटले ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मला घेऊन अकोल्याला, जठारपेठेत कुंदनच्या दुकानी गेल्या. कुंदन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने मला उलटसुलट करून पाहिले, माझ्या तोंडात बारीक उजेड मारला आणि हसू दाबत विचारले, “ताई, हिची पूजा करता का कोणी?”

“दरसाल,” पार्बताबाई म्हणाली.

“तरीच. माह्या दुकानात पान-खर्रा खाऊन लोकं येतात, त्यायचं बी तोंड एवढं लाल नसते.”

“हास बाप्पा हास. आमच्या काट्याले दरसाल कुंकू लावतो, तो अजून बरोबर तोलते.”

“काट्याले वायर लावा लागत नाही ना काकू.”

त्याने मऊ ब्रश आणि स्पिरिट घेऊन माझे तोंड साफ केले. जुन्या ड्रॉवरमधून तशी वायर शोधली. मला वीज मिळाली. माझी तबकडी हलली, अडखळली आणि फिरायला लागली. वर्षालीने मोठा श्वास सोडला. पण समोरचा कॉम्प्युटर अगदी नवा होता. त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्यातले गाठोडे पाहिले आणि उघडता येत नाही म्हणून सांगितले. मी सांगत होते, तो ऐकत होता, पण त्याला माझी बोली समजत नव्हती.

कुंदनने नाना उपाय केले. निदान गाठोड्याची एक नक्कल काढावी म्हणून पाहिले, तर ती अर्ध्यातच अडकली. मग मात्र त्याने मस्करी थांबवली.

“ताई, खरं सांगू? हिच्या तबकडीवर एक जागा खराब झाली हाय. जास्त फिरवू नका, केव्हा बसन, बंद पडन, सांगता येत नाही. आन हे गाठोडं जुन्या सिस्टीमनं बांधलं. ते सोडवाचं काम त्याच सिस्टीमले जमते. खराब फाईल सोडून पुढं बी जाते ते. तसं जुनं मशीन पाहा कुठं भेटते त.”

“आता कोण ठेवते जुनं मशीन?”

“लग्नपत्रिकावाले ठेवतात. त्यायचे जुने मराठी अक्षरं नव्यावर चालत नाही. नव्यावर ‘चि. सौ. कां.’ लिहिलं त काना एकीकडं, मात्रा एकीकडं पयते.”

पार्बताबाई लगेच म्हणाली, “मंग आपला देवीदास हाय ना गावात! त्याच्या प्रेसमधी अजून तसंच ढेबरं खोकं हाय.” आणि मग, हळूच, “आपलं बी तसंच होतं.”

देवीदासची प्रेस बार्शीटाकळीच्या बाजारगल्लीत होती. चारी बाजूंनी पत्रिकांचे गठ्ठे, शाईचा वास, भिंतीवर नमुन्याचे गणपती. लग्नसराई जोरात होती. त्या दिवशी सहदेवही बरोबर आले. त्यांना घरी राहवेना. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. आचल त्यांच्यापासून शक्य तितकी लांब, आईच्या ओढणीला धरून उभी राहिली.

देवीदास सहदेवचा जुना दोस्त. बाकीच्यांसारखे हळू बोलणे त्याला माहीत नव्हते. “या सहदेवभाऊ! जलमभर बाजारात एवढे वरडले, का आवाज सरून गेला! थोडा घरच्यायसाठी ठेवाचा होता ना!”

वर्षालीचा चेहरा उतरला. पण सहदेवचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कोणी त्यांची अशी थट्टा केली होती.

देवीदासने काम ऐकून मान हलवली. “लावा. पण माह्या मशीनमधी चार लग्नं अडकले हाय. एका बी पत्रिकेले धक्का लागला त नवरदेव वरातीसकट तुमच्या दारात उभा करीन.”

मला जोडले. मित्रांनो, पडदा उजळला. हिरवी टेकडी, वर निळे आभाळ, तेच जुने चित्र! क्षणभर मला वाटले, माझा सोबती परत आला. तो नव्हता. याच्या पोटात माझ्या घरातले काहीच नव्हते, दुसऱ्यांच्याच लग्नांचे मुहूर्त होते. पण याची बोली तीच होती. त्याने गाठोडे पाहिले आणि सरळ विचारले, हे सोडवून जुन्याच जागी ठेवू, की नव्या जागी?

“जुन्या जागी!” पार्बताबाई म्हणाली. “जिथलं तिथं ठेव म्हणा.”

“अवो वहिनी, थांबा!” देवीदास ओरडला. “जुनी जागा म्हणजे आता माही जागा! माह्या पत्रिकायवर जाऊन बसन ते सारं!”

वर्षालीने नवी जागा निवडली. हिरवी पट्टी हलायला लागली. मी फिरत होते आणि एकेक फाईल सुटून बाहेर पडत होती. शेताचे फोटो, जुनी गाणी, परीक्षेचे अर्ज. जुना कॉम्प्युटर सावकाश घेत होता, मीही सावकाश देत होते. मग ती खराब जागा आली. माझ्या पोटात कर्रकर्र झाले.

“हे काय करून राहिली ही?” देवीदासने शाईचा हात पुसत विचारले.

पट्टी थांबली होती. पडद्यावर मनोजच्या कॉलेजच्या सहलीचे नाव होते. ते वाचता येत नाही, सोडून पुढे जाऊ का, असे विचारले होते. वर्षालीने पुण्याला फोन लावला. “दादा, तुह्या सहलीचे फोटो अडकले. परत परत वाचाले लावलं त डबी बसन म्हणते कुंदन. सोडू का?”

तिकडून मनोज म्हणाला, “सोड. बाबाचा आवाज वाचव.”

तिने सोडले. मी उरलेला सगळा जोर लावला. ते फोटो माझ्याच पोटात विरले, त्याचे दुःख मला अजून आहे. पण सुई पुढे सरकली, पट्टी टोकापर्यंत गेली आणि त्या ढिगात हर्रासच्या खेळाची फाईल सापडली. वर्षालीने ती लावली.

आधी नुसती खरखर. मग पत्रिकांचे गठ्ठे हादरावेत असा आवाज आला.

“हां, बोला, बोला! ताजा माल हाय, घरचा माल हाय! दोन वेण्या हाय, नाक लांब हाय! रडते लय, अभ्यास करते कमी! वर्षाली नावाचा माल हाय, बोला!”

मागून तेव्हाच्या मनोजचा आवाज, “एक पाटी वांगे!”

“वांग्यात नाही देत! पुढं बोला!”

“दोन पोते सांबार!” ही पार्बताबाई, हसून बेजार.

“दोन पोते सांबार एक बार! दोन पोते सांबार दोन बार! थांबा, थांबा... माल मालकाले आवडला! मी कोणाले देत नाही!”

आणि एका मुलीचे खिदळणे.

वर्षालीने ओढणी तोंडावर धरली. देवीदास पाठ करून उगीच गठ्ठे नीट करू लागला. आचल मात्र थेट स्पीकरपाशी गेली. तिने त्याच्या मागे डोकावून पाहिले.

“अंदर कोण हाय?”

“आबाजी हाय,” वर्षाली म्हणाली.

“आबाजी त तिथं बसले.” तिने स्पीकरवर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, “अजून बोल ना.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात एकाकी क्षण तो होता. ज्या माणसासाठी मी एवढे जपून आणले, त्याच्याकडे पाठ करून त्याची नात खोक्याशी बोलत होती. सहदेव स्टुलावर बसून ते पाहत होते. मला वाटले, आता ते उठून निघून जातील.

ते उठले. पण दाराकडे गेले नाहीत. त्यांनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, बाजारात टाकत तसा. पाय फाकवून उभे राहिले आणि वर्षालीला खूण केली, पुन्हा लाव.

आवाज सुरू झाला. त्याबरोबर सहदेवचे ओठ हलायला लागले. एकही शब्द मागेपुढे नाही. “बोला, बोला” म्हणताना हात वर, “पुढं बोला” म्हणताना बोट गिऱ्हाइकाकडे, वेण्या म्हणताना दोन्ही कानांपाशी मुठी. त्यांचे सगळे अंग बोलत होते. आचलने स्पीकरकडे पाहिले, मग त्यांच्या तोंडाकडे, मग पुन्हा स्पीकरकडे. हळूहळू ती पुरती त्यांच्याकडे वळली. मध्येच गळ्यातून शिट्टी वाजली. ती दचकली, पण मागे सरली नाही.

फाईल संपली. सहदेवचा हात तसाच वर राहिला.

आचल पत्रिकांच्या गठ्ठ्यावर चढली. “बोला, बोला! आबाजी माल हाय, ताजा माल हाय!”

देवीदास पटकन वळला. “एक हजार लग्नपत्रिका!”

“पुढं बोला!”

“हे सारी प्रेस देतो, घे!”

आचलने आबाजींकडे पाहिले. त्यांनी एक बोट वर केले, मग दुसरे. तिला ते बरोबर समजले. “एक बार! दोन बार!” ती ओरडली आणि गठ्ठ्यावरून त्यांच्या अंगावर झेपावली. “मी कोणाले देत नाही!”

सहदेवने तिला खांद्यावर घेतले. घरी जाईपर्यंत बाजारगल्लीभर ती ज्याला त्याला आबाजी विकत होती आणि कोणालाच देत नव्हती.

तो आवाज आता वर्षालीच्या फोनमध्ये आहे, मनोजच्या लॅपटॉपमध्ये आहे, देवीदासच्या मशीनमध्ये लग्नपत्रिकांच्या शेजारीही आहे. माझ्याकडे असलेली प्रत फारशी कोणाला लागत नाही. मी कपाटात असते. माझी तबकडी आता जास्त दिवस फिरणार नाही, हे मला कळते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी डबी असेल. ती आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नका. तिला जोडून पाहा, उघडून पाहा. नव्या यंत्राला तिची बोली समजते की नाही याची खात्री झाल्याशिवाय जुने यंत्र मोडीत देऊ नका. जे मोलाचे आहे ते एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि ज्याचा आवाज तुम्हाला आठवतो आहे ते माणूस शेजारच्या खोलीत गप्प बसलेले असेल, तर आधी त्याच्याकडे जा. माझ्याकडे मागून या. मला थांबायची सवय आहे.